पकडपटूची उमर : प्रस्तावना

कबड्डीच्या सामन्याहून घरी परतणाऱ्या माणसाच्या तोंडी चढाईपटूचं नाव असतं. अमक्यानं एका चढाईत तिघांना टिपलं, तमक्यानं शेवटच्या मिनिटाला बोनस घेऊन सामना फिरवला. त्याआधीची दहा मिनिटं ज्यानं एकामागून एक पकडी करून सामना निसटू दिला नाही, तो कोण, असं विचारलं की उत्तर येतं, "तो नाही का, डाव्या कोपऱ्यातला." नाव आठवत नाही. क्रीडापानावरही तेच. अमुकच्या चौफेर चढाया आणि त्याला तमुकच्या पकडींची साथ, अशा धाटणीचं वाक्य मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं येतं आहे, आणि त्यात दुसऱ्या नावाच्या वाट्याला 'साथ' एवढंच येतं.

हे पुस्तक त्या दुसऱ्या नावाचं आहे. त्यातही एका प्रश्नाचं: पकडपटू इतकी वर्षं खेळतो कसा? कारण तो खेळतो, हे उघड आहे. तमिळनाडूचा धर्मराज चेरलाथन १९७५ साली जन्मला. २०१६मध्ये पटना पायरेट्सनं प्रो कबड्डी लीगचा चौथा हंगाम जिंकला, तेव्हा संघाचा कर्णधार तो होता, आणि वयाची चाळिशी ओलांडलेली होती. त्यानंतरही तो वेगवेगळ्या संघांतून मॅटवर उतरत राहिला. त्याच्याविरुद्ध चढाईला येणारी काही पोरं त्याच्या निम्म्या वयाची होती. चढाईपटूंमध्ये असं उदाहरण शोधून सापडत नाही. चढाईपटूची सद्दी साधारण पाच-सहा वर्षांची. कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख रुपये मोजले, आणि पुढच्या काही हंगामांत खांद्याच्या दुखापतीनं त्याला बराच काळ बाहेर ठेवलं. यात त्या खेळाडूचा दोष काहीच नाही. चढाई हे शरीर झपाट्यानं खर्च करणारं काम आहे.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेनं त्याचे दोन भाग होतात, म्हणजे प्रत्येक संघाच्या अंगणाला साडेसहा मीटरची खोली मिळते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटू ३० सेकंद दम घुमवत या अंगणात येतो, आणि समोर सात जण असतात. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूला सहसा संघाचे चढाईपटूच उभे असतात, मग दोन मध्यरक्षक, ज्यांना हल्ली सगळे कव्हर म्हणतात, आणि मधोमध एक. यातले खरे पकडपटू चार: डावा कोपरा, उजवा कोपरा, डावा मध्य, उजवा मध्य. बाकीच्या तिघांनी साखळी तुटू द्यायची नाही, चढाईपटूची परतीची वाट बंद करायची आणि फुकटचा स्पर्श द्यायचा नाही. एवढं केलं तरी पुष्कळ.

आता एक पकड जवळून पाहू. चढाईपटू बोनससाठी डाव्या कोपऱ्याकडे सरकतो. बोनस मिळायचा तर एक पाय रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे क्षणभर त्याचा सगळा भार एका पायावर असतो. कोपरारक्षक या क्षणासाठी थांबलेला असतो. तो आधी हलला तर चढाईपटू पाय मागे घेऊन त्याच्या पसरलेल्या हाताला स्पर्श करून निघून जाणार. उशिरा हलला तर बोनस गेलाच. नेमक्या वेळी तो खाली झेपावतो, दोन्ही पंजे घोट्याभोवती अडकवतो आणि पाय स्वतःकडे, थोडा वर, खेचून छातीखाली घेतो. घोटा पकड ती हीच. पण पकड अजून पूर्ण झालेली नाही. अंगात रग असलेला चढाईपटू एका पायावर, कोपरारक्षकाला फरफटत, हात लांब करून मध्यरेषा गाठू शकतो. रेषेला त्याचं बोट लागलं की त्याला धरणारे सगळे बाद. म्हणून त्याच वेळी मध्यरक्षकानं समोरून येऊन त्याला छातीनं अडवायचं असतं, किंवा धडक देऊन रेषेबाहेर काढायचं असतं. गुण कोपऱ्याच्या नावावर लागतो. मध्यरक्षक उठतो, बोटाला गुंडाळलेली पट्टी दातानं घट्ट करतो आणि जागेवर जातो.

या दोन-तीन सेकंदांत पकडपटूच्या दीर्घायुष्याचं पहिलं कारण दिसतं. त्याची मिळकत पळण्यावर अवलंबून नाही. एखादा आघाडीचा चढाईपटू एका सामन्यात पंधरा-वीस वेळा त्या अंगणात जाऊन येतो आणि दरवेळी सात जणांच्या हातांतून सुटण्यासाठी गुडघे, कंबर, खांदे पिळवटून घेतो. कोपरारक्षक त्याच सामन्यात मोजक्याच वेळा झेपावतो. उरलेला वेळ तो पाहत असतो: हा कुठल्या पायानं सुरुवात करतो, हात लावताना नजर कुठे असते, दम संपत आला की कुठल्या बाजूनं वळतो. ही माहिती वयाबरोबर साठत जाते. पंचविशीतली चपळाई पस्तिशीत उरत नाही, हे खरं. पण पस्तिशीतला पकडपटू अर्धा क्षण आधीच ओळखतो, त्यामुळे चपळाईची तेवढी तूट त्याला परवडते.

दुसरं कारण जोडीदार. पकड एकट्याची नसते, हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षक म्हणतो, पण त्यामागचं काम फार थोड्यांना दिसतं. प्रो कबड्डीच्या पहिल्या तिन्ही हंगामांत यू मुंबानं अंतिम फेरी गाठली आणि २०१५चं विजेतेपद घेतलं. त्या संघाच्या कोपऱ्यांत सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर होते, मध्ये जीवा कुमार आणि आपल्या मुंबईचा विशाल माने. कर्णधार अनुप कुमारच्या बोनसची आणि शांत डोक्याची वाखाणणी झाली, ती व्हायलाच हवी होती. पण तो इतका शांत राहू शकला, याचं एक कारण त्याच्या मागे उभ्या असलेल्या या चौघांत होतं. एकानं झेप घेतली की दुसरा कुठे असेल, हे त्यांना मान वळवून पाहावं लागत नव्हतं. असे जोडीदार मिळाले की प्रत्येकाच्या वाट्याचा धोका कमी होतो, चुकीच्या झेपा कमी होतात, दुखापती कमी होतात. जोडी फुटली की चांगले पकडपटूही एकदम सामान्य वाटू लागतात. लिलावाच्या पद्धतीत जोड्या फुटतातच. २०१६च्या लिलावात मोहितला बेंगळुरू बुल्सनं ५३ लाखांना घेतलं, त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली होती. पकडपटूलाही मोल आलं म्हणून सगळ्यांना आनंद झाला. त्या मोलाच्या बदल्यात एक बचावफळी मोडली, हे मात्र फार कमी जणांनी लिहिलं.

मागे वळून पाहिलं तर पकडपटूची भूमिका नियमांनी घडवली आहे, हे ध्यानात येतं. हुतूतू महाराष्ट्रभर खेळला जायचा, पण गावागणिक कायदे वेगळे. गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात महाराष्ट्रातल्या क्रीडाप्रेमींनी ते लिहून काढायला आणि एकत्र करायला सुरुवात केली. १९२३ साली बडोद्यात अखिल भारतीय पातळीवरची स्पर्धा झाली. १९३६मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्तानं या खेळाचं प्रात्यक्षिक जगापुढे केलं. त्या काळात तीन पद्धती रूढ होत्या. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. संजीवनीत प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद झाला की आपला एक उठायचा. अमरमध्ये कुणी बाहेर जायचाच नाही, फक्त गुण मोजले जायचे. पकडपटूच्या बाजूनं विचार केला तर हे तीन वेगळे खेळ आहेत. गामिनीत एक चुकलेली झेप म्हणजे पुढचा डावभर बाकड्यावर बसणं, त्यामुळे तिथे धीर धरणारा टिकणार. अमरमध्ये चुकीला जवळजवळ शिक्षाच नाही, म्हणून धाडस फोफावणार. आज आपण खेळतो ती कबड्डी संजीवनीच्या अंगानं वाढली आहे. ती पकडपटूला धाडस करू देते आणि चुकीची किंमतही वसूल करते, आणि माझ्या मते पकडीची कला याच ताणातून फुलली.

संघटनेचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र चांगला लिहिला गेला आहे. १९५०मध्ये अखिल भारतीय महासंघ, १९५२पासून पुरुषांची आणि १९५५पासून महिलांची राष्ट्रीय स्पर्धा, १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक, १९९०मध्ये बीजिंगला पदकाचा खेळ म्हणून प्रवेश आणि भारताचं सुवर्ण. त्या संघात महाराष्ट्राचे अशोक शिंदे आणि राजू भावसार होते. या सगळ्यामागे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी घातलेलं आयुष्य आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो तो उगाच नाही. २००४ची विश्वचषक स्पर्धा मुंबईत झाली, २००७ची पनवेलला, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात भारतानं इराणला हरवलं.

मला जास्त रेंगाळायचं आहे ते मुंबईच्या गिरणी-कारखान्यांच्या कबड्डीपाशी. कारण पकडपटूच्या दीर्घायुष्याचं तिसरं कारण, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठं, तिथे आहे: नोकरी. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या भागांत चाळीगणिक मंडळ होतं आणि मंडळागणिक संघ. चांगला खेळाडू दिसला की गिरण्या, कंपन्या, बँका त्याला कामावर घेत आणि तो त्यांच्या संघातून खेळे. मुंबईच्या स्पर्धांत स्थानिक संघांच्या श्रेणींबरोबर 'व्यावसायिक' असा गट वेगळा असे आणि आजही असतो. त्यात कंपन्यांचे, बँकांचे, रेल्वेचे, पोलिसांचे संघ उतरतात. या व्यवस्थेत खेळाडूला खेळण्याचे पैसे नगण्य मिळत, पण पगार महिन्याच्या महिन्याला येई. बोट मोडलं, गुडघा सुजला, एक मोसम हुकला तरी घरची चूल पेटत राही. मोसम हुकवण्याची ही मुभा असल्याशिवाय पंधरा-वीस वर्षांची कारकीर्द होत नाही. घाईनं मैदानात परतणारा पकडपटू दुसऱ्यांदा मोडतो, आणि दुसऱ्यांदा मोडलेला सहसा परत येत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत गिरणगाव उसवत गेलं. गिरण्यांबरोबर त्यांचे संघ गेले. नोकरीच्या आशेनं खेळणारी एक अख्खी पिढी मध्येच अडकली. बँका, तेल कंपन्या, रेल्वे आणि पोलीस यांनी नंतरची बरीच वर्षं हा भार उचलला. आज ज्यांची नावं आपण घेतो त्या महाराष्ट्राच्या पकडपटूंतले बरेच जण अशाच कुठल्या ना कुठल्या आस्थापनेच्या संघातून तयार झाले. ठाणे जिल्ह्यातला गिरीश इरनाक डाव्या कोपऱ्यातून प्रो कबड्डीच्या अनेक संघांकडून खेळला. त्याच्या कारकिर्दीची लांबी समजून घ्यायची असेल तर लीगच्या झगमगाटाआधीची ही भूमीही पाहावी लागते.

याच गिरणगावातल्या पुष्कळ कुटुंबांनी पुढे पश्चिम रेल्वेच्या मार्गानं उत्तरेकडे सरकत नालासोपारा, विरार गाठलं. नालासोपाऱ्यातल्या आमच्या आचोळ्यात भातशेती आणि वाड्यांच्या जागी चाळी आल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या, आणि परळ-लालबागच्या माणसांनी येताना मंडळं बरोबर आणली. कोकणातून थेट आलेल्यांनी गावच्या संघांची नावं आणली. वसईच्या जुन्या गावांत कबड्डी आधीपासून होतीच. ही तिन्ही पाणी आचोळे परिसरात एकत्र आली. शिवजयंतीच्या, माघी गणपतीच्या निमित्तानं होणारी प्रकाशझोतातली स्पर्धा, चाळून अंथरलेली लाल माती, त्यावर पाणी मारून फिरवलेला रोलर, फक्कीच्या रेषा, वजनी गटांचे सामने, रात्री उशिरा रंगणारी अंतिम लढत. वसई तालुका कला-क्रीडा महोत्सवातले सामने पाहायला तर गावंच्या गावं लोटतात. इथल्या पोरांना फार काळ ठाणे जिल्ह्याच्या संघातच जागा शोधावी लागे, जिथे ठाणे, कल्याण, भिवंडीच्या मुलांशी चुरस असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धेत पालघरच्या नावाचा संघ उतरू लागला. त्याच्या सहाच दिवस आधी, २६ जुलैला, मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला होता. या दोन तारखा एकमेकींशी संबंधित नाहीत, पण इथल्या मुलांपुढे दोन दारं एकाच पावसाळ्यात उघडली, हे खरं आहे.

लीगनं काय बदललं? पैसा तर उघडच. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०१८मध्ये यू मुंबानं इराणच्या फजल अत्राचलीसाठी १ कोटी मोजले आणि २०२३मध्ये पुणेरी पलटणनं त्याच्याच देशाच्या मोहम्मदरझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख. फजल डाव्या कोपऱ्याचा निव्वळ बचावपटू, शादलूची ओळखही आधी त्याच्या पकडींची. पण पैशाहून मोठी गोष्ट मोजणीची आहे. मंडळाच्या स्पर्धेतल्या गुणपत्रकावर संघाचे गुण चढत्या क्रमानं खोडले जातात. पकड कुणी सुरू केली, हे त्यावरून कळत नाही. लीगनं प्रत्येक पकडीवर नाव लिहिलं. मनजीत छिल्लर, फजल यांच्या पकडींचे आकडे चाहत्यांना तोंडपाठ झाले, आणि फजलनं ४०० गुणांचा टप्पा ओलांडला तेव्हा एका पकडपटूच्या विक्रमावर मथळे झाले. तीन किंवा कमी गडी उरले असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळू लागले, सलग दोन कोऱ्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो असा नियम आला, आणि पकडपटूला थांबण्याचं बक्षीस मिळू लागलं. तरी ही मोजणीही अपुरी आहे. गुण एकाच्याच नावावर जातो. मघाशी घोटा पकडीत ज्यानं समोरून छाती लावली, तो मध्यरक्षक आकड्यांत दिसत नाही. विशाल मानेसारख्या मध्यरक्षकाचं मोल त्याच्या गुणांच्या बेरजेवरून काढणं मला अन्यायाचं वाटतं.

पकडीच्या शैलींबद्दल इथे थोडं सांगणं भाग आहे, कारण पुस्तकात त्या पुन्हा पुन्हा येतील. महाराष्ट्राची जुनी ओळख मातीवरची, हलक्या अंगाची, साखळीची: दोघा-तिघांनी हात धरून अंगण आवळत न्यायचं आणि चढाईपटूला कोपऱ्यात कोंडून घोटा किंवा कंबर धरायची. हरियाणाची पकड आखाड्यातून आली. मांडी धरून उचलणं, छातीनं धडक देऊन बाहेर काढणं, एकट्याच्या ताकदीवर भरवसा. तमिळनाडूच्या पकडपटूंत मला धिमेपणा दिसतो, चेरलाथन आणि जीवा कुमार दोघेही घाई न करणारे. आणि इराण. तिथे कुस्तीची परंपरा इतकी खोल आहे की दोन्ही मांड्या एकदम कवेत घेणं, पाठीमागून कंबर धरून खाली आणणं या गोष्टी त्यांच्या मुलांना वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये उपान्त्य फेरीत इराणनं भारतीय पुरुषांना २७-१८ असं हरवलं. १८ गुणांवर भारत अडला, म्हणजे इराणचा बचाव काय होता ते कळावं. त्याच स्पर्धेत इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं नमवलं, आणि त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रातल्या एका बाईनं परक्या देशात जाऊन उभा केलेला संघ सुवर्ण घेऊन गेला, याचा मला भारताच्या पराभवाचं दुःख असूनही अभिमान वाटतो. हल्ली या शैली मिसळल्या आहेत. रत्नागिरीचा शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यातून ज्या आत्मविश्वासानं झेपावतो, त्यात मातीही आहे आणि मॅटही. २०२४च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणनं पहिलं विजेतेपद घेतलं तेव्हा शादलूसारख्या इराणी खेळाडूबरोबर त्या बचावात संकेत सावंतसारखा मराठी मध्यरक्षक होता.

जगात इतरत्र बचावपटूच्या दीर्घ कारकिर्दीचा मान कसा ठेवतात, हे पाहण्यासाठी मी बर्फावरच्या हॉकीचा थोडा अभ्यास केला. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये ख्रिस चेलिओस वयाच्या ४८व्या वर्षापर्यंत बचावात खेळला. झ्डेनो चारा १,६८० सामने खेळून थांबला, कुठल्याही बचावपटूपेक्षा जास्त. रे बोर्कनं बोस्टनसाठी दोन दशकं घालवली, विजेतेपद मिळालं नाही, मग संघ बदलून २००१मध्ये, बाविसाव्या मोसमात, त्याला स्टॅन्ली चषक उचलता आला. या खेळात सर्वोत्तम बचावपटूसाठी १९५४पासून स्वतंत्र नॉरिस करंडक आहे. म्हणजे बचाव ही वेगळी विद्या आहे, तिचे वेगळे मानकरी आहेत, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं. आपल्याकडे मंडळांच्या स्पर्धांत 'उत्कृष्ट पकड' हे बक्षीस फार जुनं आहे, ही आनंदाची गोष्ट. पण त्या मानकऱ्यांची यादी कुणी सांभाळली आहे का? बक्षिसाची मोटारसायकल बहुधा स्पर्धेच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते आणि तो बहुतेक वेळा चढाईपटू असतो.

महिलांच्या बाबतीत दीर्घ कारकिर्दीचा प्रश्न जास्त टोचतो. शकुंतला खटावकर यांच्यापासून महाराष्ट्राच्या महिला कबड्डीला उज्ज्वल परंपरा आहे. २०१२मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला, त्यात दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के या तिघी महाराष्ट्राच्या होत्या. २०२३मध्ये हांगझोऊला भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण घेतलं, आणि त्या स्पर्धेतलं ते भारताचं शंभरावं पदक ठरलं. पुण्याची स्नेहल शिंदे त्या संघात होती. असं असताना प्रो कबड्डीच्या जोडीनं महिलांची स्पर्धा भरवली गेली ती २०१६मध्ये, तीन संघांची, एकदाच. पुरुष पकडपटूला पस्तिशीतही करार मिळू शकतो. मुलीच्या कारकिर्दीची लांबी अजूनही लग्न, सासर आणि नोकरी यांच्या गणितात अडकलेली आहे. पकडीची विद्या वयानं पिकते, असं मी वर म्हटलं. मग ती पिकायच्या आत थांबवल्या गेलेल्या मुलींचं जे गेलं, ते आपल्या खेळाचंही गेलं. या पुस्तकातला मुलींविषयीचा भाग वाचकांनी सर्वांत आधी वाचावा, असं मी सुचवेन.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? एक तर आज आमच्या भागातल्या दहा मुलांना विचारलं, काय व्हायचंय, तर आठ-नऊ जण चढाईपटू म्हणतात. टीव्हीवर तेच दिसतं, त्यांचं काही चुकत नाही. पण संघाला चार पकडपटू लागतात आणि ते घडायला जास्त वर्षं लागतात. दुसरं, मैदानं आक्रसली आहेत. आचोळ्यात मोकळ्या जागेवर रात्री गाड्या उभ्या असतात आणि सराव शाळेच्या पटांगणात, तेही परवानगी मिळाली तर, होतो. चढाईचा सराव दोघा-तिघांत करता येतो. साखळीचा आणि जोडीचा सराव करायला सात जण, पूर्ण अंगण आणि रोजची वेळ लागते. जागा आणि वेळ आटली की सर्वांत आधी बचाव मरतो. तिसरं, खेळाडूंसाठीच्या नोकऱ्या पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. लीगचा करार चांगला, पण तो मोजक्यांना आणि मोजक्या काळासाठी. ज्याला करार नाही आणि नोकरीही नाही, त्या तेविशीतल्या कोपरारक्षकानं दुखरा गुडघा घेऊन पुढची दहा वर्षं कशाच्या आधारावर काढायची? या प्रश्नाचं उत्तर मंडळांनी, आस्थापनांनी, महानगरपालिकेनं आणि राज्य संघटनेनं मिळून द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पुस्तकाची मांडणी स्पर्धांच्या क्रमानं नाही, पकडपटूच्या वयाच्या क्रमानं आहे. मंडळात पहिल्यांदा कोपऱ्यात उभा केलेला पोरगा, जिल्ह्याच्या निवड चाचणीतला तरुण, नोकरी लागलेला किंवा न लागलेला खेळाडू, जोडीदार बदलत गेलेला अनुभवी, आणि शेवटी प्रशिक्षक किंवा पंच म्हणून मैदानाच्या बाहेर उभा राहिलेला माणूस. मोठी नावं यात आहेत, पण ज्यांची नावं जिल्ह्याबाहेर गेली नाहीत त्यांनाही तितकीच जागा आहे. पंधरा वर्षं तालुक्याच्या संघाचा कोपरा सांभाळणं हीसुद्धा कारकीर्दच आहे. घोटा, मांडी, कंबर, धडक, साखळी या पकडींची माहिती चित्रांसह दिली आहे, कारण नव्या मुलांच्या हाती असं मराठी पुस्तक असावं, ही फार दिवसांची इच्छा होती. दुखापतींबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. बोटं, खांदा, गुडघा यांपैकी काय कितपत बरं होतं आणि कधी थांबावं, हे मंडळांतून अजूनही पुरेसं बोललं जात नाही. विक्रमांची जंत्री यात नाही. ती लीगच्या आकड्यांत कुणालाही सापडेल.

हे पूर्ण पुस्तक नाही, याची जाणीव आहे. विदर्भ, मराठवाडा, गोव्यातले आणि सीमाभागातले पकडपटू यात यायला हवे तेवढे आलेले नाहीत. पुढच्या आवृत्तीत ती उणीव भरून काढायची आहे. ज्या मंडळांच्या कपाटांत जुनी गुणपत्रकं, स्पर्धांच्या पत्रिका, 'उत्कृष्ट पकड'च्या मानकऱ्यांच्या याद्या आणि संघांचे फोटो पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी एकदा त्यांची छायाचित्रं काढून ठेवावीत आणि फोटोमागे कोपऱ्यात उभ्या असलेल्यांची नावं पेन्सिलीनं लिहावीत. ती नावं सांगू शकणारी माणसं आज सत्तरीत, ऐंशीत आहेत.

आचोळे, नालासोपारा (पूर्व)